तापकीर गल्लीत, खिशात मावळा

रुमालात गुंडाळलेला मातीचा मावळा
शर्टाच्या खिशातून काढून काउंटरवर उभा केला,
तेव्हा हसमुखने आधी त्याच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"काका, टेबललॅम्प ना?"
हो. पण ह्याला विचारून घ्यायचाय.

त्याचं असं झालं,
रात्री पिवळ्या बल्बखाली दिलेला भगवा फेटा
सकाळी गॅलरीत गुलाबी निघाला,
थेट वरपक्षाकडचा.
शिवाय उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय गेल्या मार्गशीर्षात,
डाव्याचा राहिलाय.
एकच भिंत: उजव्याला चुना, डाव्याला तूप.
दोघांचं पटत नाही,
मी मधे, नाकासारखा.

हसमुख एकेक लावत गेला.
पहिल्याखाली मावळ्याला कावीळ.
दुसऱ्याखाली तो शवागारातला.
तिसऱ्याची मान इतकी लुळी
की हळूहळू नमस्कार करत खाली आला.
चौथा भिंगाचा. त्यात मावळ्याच्या मिशीत
माझ्या ब्रशचा एक केस सापडला,
तो बघून चौथा नको म्हटलं.

"रंग खरे दाखवणारा हवाय."
"काका, दिवा आहे. साक्षीदार नाही."
असं म्हणून त्यानेच मावळा उचलला,
बाहेर पायरीवर नेला,
दुपारी अडीचच्या उन्हात धरला,
आत आणून पाचव्याखाली धरला,
पुन्हा बाहेर.
वायरची भेंडोळी खांद्यावर घेतलेला हमाल
रस्ता मिळेपर्यंत थांबला, तोही बघत.
"हा घ्या. बाराशे.
मावळ्याचे वेगळे नाहीत."

घरी, कर्वेनगरात, दिवा टेबलाला चिमटला.
मी डावखुरा, म्हणून उजवीकडे,
नाहीतर माझ्याच हाताची सावली
ब्रशच्या आधी पोचते.
उजवीकडे शालनचं शिलाई मशीन.
फेटा पुन्हा दिला. शेला. ढालीवरचे चार खिळे.
शेवटी डोळे,
बारीकात बारीक ब्रशने, श्वास धरून.
एक झाला.

"जरा इकडे वळवा हो,
सुईत दोरा जात नाहीये."

दिव्याची मान वळली, कुरकुर न करता;
ह्याच गुणासाठी तर घेतला होता.
मावळा अंधारात गेला, एका डोळ्यानिशी.
मी ब्रश हवेत धरून बसलो,
टोकावरचा काळा थेंब सुकत चालला,
आणि तिच्या सुईचं नेढं
इथून मला स्वच्छ दिसत होतं,
दोन्ही डोळ्यांना सारखंच.

ती मात्र भलतीकडेच टोचत होती.