जुनी वाळू

उद्यमबागच्या फाउंड्रीनं
अठ्ठावीस वर्षांचा हिशेब एका खाकी पाकिटात घालून दिला.
डिंक नीट लागला नव्हता.
सही कर म्हणाले, केली.
जेवणाचा डबा तेवढा फळीवर विसरला.
दुसऱ्या दिवशी आणायला गेलो,
तर रोज रामराम घालणारा वॉचमन
माझ्याकडं न बघता म्हणाला,
पास आहे काय?

मग सात महिने.
सकाळी सातला कडोलीच्या स्टॉपवर
पाय आपोआप जायचे.
बसवरची कानडी पाटी मला वाचता येत नाही, ओळखता येते,
आपलं माणूस पाठमोरं ओळखावं तशी.
कंडक्टर शेट्टेप्पा ओरडायचा,
'काय करूलास भरमाणी, चढ की!'
मी हात हलवायचो,
जसं काय पाठीमागून कुणी यायचंय.

पोरीनं बायोडाटा टाईप केला.
'बाबा, तुमचं स्किल सांगा.'
काय सांगू?
लोखंड पिवळ्यातून पांढऱ्याकडं झुकलं
की लाडल उचलायचं.
वाळू मुठीत दाबायची, मग मधोमध मोडायची,
कड स्वच्छ तुटली तर ओल बरोबर,
हाताला चिकटली तर पाणी जास्त,
भुगा झाला तर
तर आज ओतायचं नाही, कुणी कितीही बोंबलू दे.
ती थोडा वेळ गप्प बसली
आणि इंग्रजीत एकच शब्द लिहिला.
कुठला, ते मी विचारलं नाही.

केसांना काळं लावून होनग्याला गेलो.
एप्रिलचं ऊन, कॉलरवर काळे ओघळ.
समोर हुबळीकडची पोरगी, माझ्या पोरीच्याच वयाची.
'वयस एष्टु री?'
ऐवत्तनाल्कु, म्हटलं.
आयुष्यात इतकं शुद्ध कानडी मी बोललो नव्हतो.
तिनं मला रुमाल दिला, कागदाचा,
आणि म्हणाली, हेळतीवी री.
कळवतो.
पुढच्या आठवड्यात एका मराठी मालकाकडं गेलो.
तो मराठीत म्हणाला, कळवतो.

मेव्हणा म्हणाला, एटीएमपाशी खुर्ची रिकामी आहे,
एसी फुकट, काम काय, बसायचं.
मला तो वॉचमन आठवला.
पारव्वा काही बोलली नाही,
मिरच्यांचे देठ मोडत राहिली,
नुसती मधे मधे शिंकत होती.

मच्छेत दस्तगीरचा शेड
पत्र्याचा, एक भट्टी, ओडिशाची सहा पोरं.
मी गेलो तेव्हा तो पंपांच्या बॉड्यांच्या ढिगावर
लाथा घालत होता. सगळ्यांना भोकं.
बायोडाटा पुढं केला, त्यानं त्यानंच वारा घेतला.
मग मी काय केलं, माझं मलाच कळलं नाही.
वाकलो, मूठभर वाळू उचलली,
दाबली, मोडली.
'पाणी फार झालंय.'
भट्टीचा पंखा तेवढा चालू होता.
'जुनी वाळू कुठं टाकता?'
'पाठीमागं, ओढ्याला.'
'टाकू नका. चाळा, नवीत मिसळा.
एकदा जळलेली वाळू
दुसऱ्या खेपेला लवकर फुगत नाही.'
दस्तगीर माझ्या केसांकडं बघायला लागला,
मुळाशी पांढरे, वर काळे.
मी वाळूबद्दलच बोलत होतो, आईशपथ.

पगार निम्मा. दोन बस बदलायच्या.
गळ्यात कार्ड, वर कानडीत काहीतरी.
एका पोराला विचारलं, त्यालाही येईना.
शेवटी शेट्टेप्पानं वाचून दाखवलं:
'ट्रेनी.'
आणि बसभर हसला तो, मीही हसलो,
तिकीट काढायचं राहूनच गेलं.

काल रात्री पारव्वानं फडताळातून
स्टीलचा नवा डबा काढला.
कधी घेतलास?
'तुमचा तिकडं राहिला, त्याच आठवड्यात.'
किंमतीचा कागद अजून चिकटलेला,
नखानं खरवडत होती, निघत नव्हता.
राहू दे म्हटलं.