पण

शिरधनकर सरांच्या प्रत्येक वाक्यात एक पण असायचा.
कोळसा जाईल, पण एका रात्रीत नाही.
कामं राहतील, पण हीच राहतील असं नाही.
पट्ट्यावर छप्पर घालून घेऊ, पण कंपनीच्या खर्चानं,
आणि सहीशिक्क्यानं.
खारखोलच्या नाक्यावर सभा, माणसं बावीस,
त्यांतली सहा एसटीची वाट बघणारी.
एसटी आली तेव्हा सर पंधरा वर्षांच्या आराखड्यात
सातव्या वर्षापाशी होते.

चिन्ह मिळालं इस्त्री.
लाँड्रीवाल्यानं दुकानातूनच विचारलं,
"कोळशाची का लायटीची?"
"सध्या कोळशाची," सर म्हणाले, "पण—"
आणि नाका जो हसला
तो मतदानापर्यंत हसतच राहिला.

एकाच्या जीपवर भोंगा: खाडी वाचवा, प्रकल्प हटवा.
दुसऱ्याचे सात डंपर, रांगेत, दिवे लावून,
त्यांना भोंग्याची गरज नव्हती.
आमची एक रिक्षा. तिचाही मालक म्हणाला,
बोर्ड मागच्या बाजूला लावा.

नझीमा होडेकर सुकटीवरची काजळी
पदरानं झटकत म्हणाली,
"सर, बोय खाडीत शिरायची थांबली
तेव्हा तिनं आराखडा नाय विचारला."
अनंता भुवड म्हणाला, "माझ्या गाडीचा हप्ता
पाच तारखेला. तुमचं सातवं वर्ष कितव्या तारखेला?"
सरांनी दोघांचंही वहीत लिहून घेतलं.
मला वाटतं, तिथंच आम्ही हरलो,
त्या लिहून घेण्यात.

त्यांनी आयटीआयत वीस वर्षं वेल्डिंग शिकवलं.
मलाही. तापल्या सांध्यावर पाणी ओतू नका,
तडकतो, आपापला निवू द्या—
हे ते आम्हाला सांगायचे, हेच गावाला सांगत होते.
गाव म्हणालं, मास्तरचा दोन डगरींवर पाय.
त्यावर एकदाच ते चिडले:
"मचव्यातून धक्क्यावर उतरताना
कुणाचा नसतो रे? तेवढ्यापुरता?"
ऐकायला मी होतो, आणि रिक्षा.

मी पट्ट्यावर, सी शिफ्टला.
सरांच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही.
ठेकेदाराचा फोन आला तो ओरडायला नाही,
गोड बोलला. मुलीची दहावी विचारली.
म्हणाला, मार्चअखेर नवी यादी लागेल,
अक्षर छान आहे तुझं, फॉर्मवर बघितलं.

आदल्या रात्री सरांच्या पडवीत
आम्ही बूथ एकेचाळीसची मतं मोजली,
माझ्या गेटपासच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.
नावानिशी. पक्की तेवढीच. बारा.
बारावं मी शेवटी लिहिलं, घरचंच म्हणून.

यंत्रासमोर माणूस किती वेळ उभा राहतो?
पुठ्ठ्याच्या त्या आडोशात
बाहेर मशिनरी चालू असल्यासारखं ऐकू येत होतं,
पण मतदानाची सुट्टी होती,
पट्टा बंद होता.
पण म्हणजे पैजही. सरांनी अनामत लावली.
माझ्याकडे लावायला मार्चअखेर होता.

तालुक्याला मोजणी. दुपारी एकेचाळीस उघडलं.
डंपर चारशे सहा. भोंगा तीनशे नव्वद.
इस्त्री अकरा.
सर चष्मा पुसत बसले बराच वेळ.
म्हणाले, "डिपॉझिट गेलं, पण"
आणि पुढं काहीच नाही.
इतक्या वर्षांत त्यांचा पण
असा उघडा पडलेला मी पाहिला नव्हता.

मग त्यांनी हात पुढं केला. मी गेटपास दिला.
मागची बाजू त्यांनी वाचली, वरून खाली,
हजेरी घ्यायचे तशी, शेवटच्या नावापर्यंत.
काही विचारलं नाही.
घडी घातली, अंगठ्यानं कड दाबली,
इस्त्री फिरवावी तशी,
आणि माझ्याच खिशात ठेवली.
"चहा घेऊन जा," म्हणाले, "रात्रपाळी आहे ना."

रात्री जहाज लागलं होतं.
फाटकावर मी पास दाखवला.
वॉचमननं बॅटरी मारून पुढची बाजू बघितली,
फोटो बघितला, माझं तोंड बघितलं,
म्हणाला, जा.