अठ्ठेचाळीस तास आधी

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहिलं भाड्यानं देऊन.
डंडी शहरात, हिलटाउनच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर
दोन खोल्या, एक न्हाणी
आणि खिडकीतून दिसणारी
बोटभर रुंदीची टे नदी.

शाळेच्या मुदपाकखान्यात सव्वीस वर्षं बटाटे सोलले,
त्याचं हे झालं.
बँकेतला पोरगा म्हणाला होता, मिसेस गेडीस,
आता घरच कमावेल, तुम्ही नुसतं बसायचं.
बसले की.
पन्हळ साफ करायला माणूस वर चढला होता
तेव्हा खाली शिडी धरून बसले.

गॅसचा दाखला दर वर्षी.
विजेचा पाच वर्षांनी.
धुराची घंटा, विमा, नोंदणी,
सामाईक जिन्याच्या रंगाचा सहावा हिस्सा,
ज्यातले दोन हिस्सेदार पत्रांना उत्तर देत नाहीत
आणि एक वारला आहे.

वादळाच्या रात्री लोक आपापल्या खिडक्या लावून घेतात.
मी अंथरुणात पडून
दोन मैलांवरच्या कौलांना कान लावते.

आणि एवढं करून दाराशी
बेल वाजवून उभी राहते, परक्यासारखी.
किल्ली पर्समध्ये असते. ती वापरायची नाही.
अठ्ठेचाळीस तास आधी लिहून कळवायचं,
त्यात बोगुमिल रात्रभर बेकरीत पाव भाजतो,
म्हणजे दुपारी चारच्या आधी जायचं नाही.

या मंगळवारी त्यानं दार उघडलं
तेव्हा कानाच्या पाळीला अजून पीठ होतं.
मी पायपुसण्यावर बूट पुसले, नको इतके.
त्यानं चहा ठेवला. मी म्हणाले, कशाला उगाच,
आणि डोळे छताकडे.
ही खोड जात नाही. कुणाच्या लग्नाला गेले
तरी आधी कोपऱ्यातली ओल शोधते.

सिंकखाली जॅमची बरणी होती.
बरणीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलीच्या रेघा,
रेघेरेघेपाशी तारीख.
नऊ ऑक्टोबर, एक बोट.
एकोणीस, दोन.
नोव्हेंबरात पान्हा आणून त्यानंच सांधा आवळला,
पुढे रेघा नाहीत.

कळवलं का नाहीस, मी विचारलं.
कपात साखर ढवळत राहिला.
मग म्हणाला,
सुट्टीच्या रात्री मला झोप येत नाही.
घर ऐकत बसतो.

मी गुडघे टेकले, टॉर्च मारला,
सांध्यावरून बोट फिरवलं.
कोरडं.
फॉर्मवर लिहिलं, गळती नाही.
खाली एक रकाना असतो, तपासणाऱ्याचं नाव.
तिथं पेन जरा अडलं.
अर्थात माझंच लिहिलं. घर माझं आहे.

भाडं वाढवायचं पत्र पर्समध्ये होतं,
टाइप केलेलं, सही केलेलं,
किल्लीच्याच कप्प्यात.
चहा चांगला झाला होता.
पत्र काढलं नाही.
पुढच्या महिन्यात बघू, विम्याचा हप्ताही तेव्हाच आहे.

जिना उतरताना
दुसऱ्या मजल्यावर कठड्याचा गज हातात हलला.
उभी राहिले,
वही काढली,
लिहून घेतला.