मंगळवारचं मरण

दर मंगळवारी मी मरते
कुताइसीच्या नर्सिंग कॉलेजात,
दुसरा मजला, खोली नंबर सात.
एका मरणाचे पंधरा लारी मिळतात,
चहा वेगळा.

आधी मी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होते.
एकतीस वर्षं रंगमंचाच्या पोटातल्या खोक्यात बसून
विसरभोळ्या राजांना त्यांचे शब्द पुरवले.
राजे वाकून टाळ्या घेत.
मला संधिवात मिळाला.

आता नुसतं खाटेवर पडायचं.
कागदावर माझं नाव वेगळं, वय आठ वर्षांनी कमी,
आणि स्वादुपिंडात एक गाठ.
पोरं-पोरी एकेक करून आत येतात
आणि मला ती गाठ सांगायला शिकतात.

काचेमागे एतेरी बाई, मांडीवर तक्ता:
हात धुतले का. नाव सांगितलं का.
खुर्ची ओढून बसली, की उभ्याउभ्याच उरकलं.
सांगून झाल्यावर किती वेळ गप्प राहिली.
गप्प राहण्याचेही गुण असतात
हे मला सत्तरीत कळलं.

आज पहिला आला तो नुसता धबधबा.
'काळजी करू नका आजी' चार वेळा म्हणाला,
चारही वेळा मी जरा जास्तच घाबरले.
तो अभिनय नव्हता.
दुसरीने माझा हात असा धरला
जशी बाजारात कोंबडी पायांनी धरतात.
शिकेल. हात ऊबदार होता.

मग तेकले. राचाच्या डोंगरातली,
बुटांना अजून तिकडचा चिखल.
बसली. नाव सांगितलं.
'तुमचे रिपोर्ट आलेत,' म्हणाली
आणि थांबली.

पुढचं वाक्य मला तोंडपाठ.
सकाळपासून दोनदा ऐकलेलं, गेल्या मंगळवारी सात वेळा.
ते माझ्या दातांमागे येऊन उभं राहिलं,
एकतीस वर्षांची सवय जिभेला आतून ढकलत होती,
बोल, बोल, पोरगी अडकलीय.
मी चादरीचं टोक मुठीत आवळलं.

जुम्बेरचं मला जिन्यात सांगितलं होतं.
त्र्याण्णवचा हिवाळा, गावभर वीज नाही,
डॉक्टरच्या हातात रॉकेलचा कंदील,
तो पुढे उतरतोय, मी मागे,
आणि पाठ न वळवताच तो काहीतरी बोलला.
शब्द माझ्यापर्यंत पोचले तेव्हा
उजेड वळणापलीकडे गेला होता.
मी भिंत चाचपत खाली आले.
त्या माणसाचा राग नाही आता.
त्याला तरी कोणी बसायला शिकवलं होतं?

खोलीत रेडिएटर टकटकत होता.
तेकलेची नजर इकडेतिकडे फिरली, शब्द शोधत,
आणि टेबलाच्या पार त्या टोकाला गेली
जिथे आधीच्या पोरीने पाण्याचा पेला ठेवला होता.
ती उठली.
पेला माझ्या हाताशी आणून ठेवला,
कान माझ्याकडे वळवून.
पुन्हा बसली.
'मला पुढचं आठवत नाही,' म्हणाली,
'पण बातमी चांगली नाही.'

माझ्या कागदावर लिहिलं होतं: इथे रडावे.
मी पाणी प्यायले.
मग विचारलं, 'किती दिवस, बाळ?'
हे संहितेत कुठेच नव्हतं.

तेकले नापास झाली.
सहा चौकोन रिकामे, सातव्यात प्रश्नचिन्ह.
तक्त्यात पेल्याला चौकोनच नाही,
एतेरी बाई तरी काय करणार.
पुढल्या मंगळवारी ती पुन्हा येईल,
मी पुन्हा मरेन, पंधरा लारी,
चहात आज साखर कमी होती हेही सांगायचंय.

एक मात्र मी कोणाला न विचारता सुरू केलंय.
पोरं आत यायच्या आधी
पेला उचलते आणि टेबलाच्या त्या टोकाला,
हात पोचणार नाही इतक्या लांब सरकवते,
मग पांघरूण घेऊन डोळे मिटते.

बघू, कोणाकोणाला दिसतो.