शॅल

भिरूड सर सांगायचे,
मी आणि आम्ही यांना शॅल,
बाकी जगाला विल.
फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे आम्ही,
उजवीकडे तू, तुम्ही, तो, ती, बैल, इंग्लंडचा राजा.
रेघ ओलांडली की पट्टी.

सावद्याच्या शाळेत पत्र्याखाली मार्च तापलेला
आणि मागच्या बाकावरून उखर्डू कोळी उठला.
सर, वी म्हंजे आम्ही का आपुन?

सर थांबले.
आम्हीत समोरचा नसतो, आपुनमध्ये असतो,
हे बागेत घड वाहणाऱ्यालाही कळतं.
आम्ही जेवलो म्हटलं की पाहुणा उपाशी.
पण सरांच्या त्या जाड पुस्तकात
हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता.
शुद्ध बोल, सर म्हणाले,
आणि खडू मोडला.

घरी द्वारकाकाकू त्यांच्या ताटात दोन केयी ठेवायच्या.
ळ त्या उंबऱ्याच्या आत कधी आलाच नाही.
शाळेत काळा, डोळा, शाळा,
घरी काया, डोया, शाया.
तो कुठे गळाला, कोणत्या साली,
तलाठ्याकडे नोंद नाही.
केळीनं वेणं थांबवलं नाही.

एकदा सावदा स्टेशनात एक मेल विनाकारण थांबली.
खिडकीतल्या गोऱ्या बाईनं विचारलं, पाणी कुठे मिळेल.
सरांनी या प्रश्नाची जन्मभर वाट पाहिली होती.
मनात वाक्य जुळवलं,
शॅल की विल, टू की फॉर,
शेवटी प्रीपोझिशन लोंबकळता कामा नये,
आणि वाक्य शुद्ध झालं तेव्हा
समोर गार्डचा डबा होता.
गार्डनं हिरवा झेंडा हलवला.
हे त्यांनीच मला सांगितलं, निवृत्तीच्या दिवशी,
हार गळ्यात असताना. हसत नव्हते.

आता त्या वर्गात मी शिकवते.
हूमचा मागचा म तुटला, हू उरला,
पालीसारखा, आणि बरा पळतो.
फळ्यावरची रेघ कुणी पुसली नाही.
खडूची होती, उडाली.
उखर्डू केळीचे कंटेनर पाठवतो, मोबाइलवर लिहितो,
बनाना रेडी, ट्रक कमिंग नाइट, यू नो टेन्शन.
समुद्रापलीकडून येतं, ओके ब्रदर.
माझ्या लाल पेनाला त्यात सात जखमा दिसतात,
पण एक फणी सडत नाही.

नव्या पुस्तकात शॅल एकदाच सापडला,
पान एकोणचाळीस, खाली कोपऱ्यात.
दोन मुली रिकाम्या मैदानाकडे बघतायत.
एक विचारते, शॅल वी?

रविवारी पुस्तक घेऊन सरांकडे गेले.
मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवं कापड.
मी वाचून दाखवलं.
पुन्हा वाच, म्हणाले.
वाचलं.
बराच वेळ पंख्याचं ऐकत बसले.
ही दुसरीला धरून बोलतेय ना गं?
हो सर.
तिला वगळून नाही?
नाही सर.
म्हंजे आपुन.

आत काकू ताटलीत काहीतरी कापत होत्या.
सर भिंत चाचपत उठले.
उखर्डूला फोन लाव.
लागला नाही. गाडी भरत असेल.
मग कोपऱ्यातली काठी मागितली,
चप्पल मागितली, दुसरी सापडेना,
ती खाटेखाली होती.
ऊन उतरू द्या सर, मी म्हटलं.
तेहतीस वर्षं झाली त्याला उभं करून,
ते म्हणाले.
चल.