पेव

हरिपुरात पेवांची तोंडं
शेणामातीनं लिंपलेली. वरून नुसती जमीन.
सातगोंडा म्हणायचा, चंद्रावरचे खड्डे बघ.
दगड पडून झालेत व्हय ते?
माल भरून ठेवलाय कुणीतरी.

हळदीच्या सौद्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो तेव्हा
तोंड कसं कोरं ठेवायचं, त्याला पाठ.
म्हणून टीव्हीवर अंतराळवाले साहेब
'आम्हाला काहीही आढळलेलं नाही' म्हणाले
की हा टेबलाखाली त्यांचे हात शोधायचा.
"सौदा झालाय. दर सांगंनात."

मी हसायचो, पट्ट्या लिहायचो.

पूर ओसरला, आणि आमचं पेव उघडलं.
आधी कंदील सोडायचा, अशी रीत.
दोन पुरुष खाली जाऊन
तो विझला.
सातगोंडा काठावर पालथा पडून
त्या काळ्या तोंडात बघत राहिला,
एवढा वेळ की मालकांची चुळबुळ थांबली.
वास वर आला होता. सगळ्यांना आला होता,
शहरातून आलेल्या बँकेच्या माणसाला सोडून.
त्यानं वही काढली. काय दिसलं?

सातगोंडा उठला,
गुडघ्यांवरची ओली माती झटकली.
"काही न्हाई. कोरडं हाय समदं."

तोंड असं कोरं
की मीच वर बघितलं, भर दुपारी, आभाळाकडं.
मग त्याच्या हाताकडं.
खांद्यावरचा रुमाल
कधी मनगटावर येऊन बसला होता
कळलं नाही.