तळ्यात, मळ्यात

पोर्ट क्लिंटन, ओहायो. ऑगस्ट.
सरोवर वाटल्या कोथिंबिरीसारखं हिरवं झालंय,
असं म्हणाले आणि जीभ चावली.
खाण्याची उपमा याला देऊ नये.
किनाऱ्यावर कुत्र्यांनाही बंदी आहे.
पाणी उकळून प्यावं, हे माझ्या आईचं सगळ्यावरचं औषध.
हे पाणी उकळलं
तर विष आणखी दाट होतं.

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये बैठक.
बंब बाहेर उन्हात काढलेत,
आत घडीच्या खुर्च्या
आणि एकमेकांना पाण्यात पाहणारी एकवीस माणसं.
मी इतिवृत्त लिहिते.
एरवी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या धुते.

ओहायो म्हणतं, घाण डेट्रॉइटकडून येते.
मिशिगन म्हणतं, आधी तुमच्या मॉमी नदीला विचारा.
कॅनडाच्या काठावरून आलेली ओडेट शार्लबुआ
आपल्याकडच्या टोमॅटोच्या काचघरांबद्दल
दुसऱ्या कुणी बोलायच्या आत
स्वतःच बोलून टाकते.
व्हर्लिन हॉखस्टेटलर, बाराशे एकर मका नि सोयाबीन,
हाताची घडी न सोडता:
"मी खत माझ्या शेतात टाकतो.
सरोवरात नाही."

तेव्हा मला दिसली
पटांगणावरची फक्कीची रेघ,
पीटीच्या बाई, गळ्यात शिट्टी.
तळ्यात! मळ्यात! मळ्यात! तळ्यात!
पाय चुकला की बाद.

मंगळवारी खत मळ्यात.
बुधवारी रात्री दोन इंच पाऊस.
व्हर्लिनच्या मातीखाली आजोबांनी पुरलेले नळ आहेत;
पाणी कुठं मुरतंय, हे विचारायची सोयच नाही,
ते मुरत नाही.
गुरुवारी खत तळ्यात.
आणि बाद?
इतिवृत्तात हा रकाना नव्हता.

दुपारी डोरीन सँड्सनं बोट काढली.
तिचं बेट वरच्या पाण्यावर,
तिच्या लोकांनी ते कुठल्याच देशाला
कधी लिहून दिलेलं नाही.
बोट चालवताना ती बोलत नाही.

दोरीला बांधलेली काळीपांढरी थाळी.
पाण्यात सोडायची,
दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची.
शास्त्र म्हणून एवढंच.
"गेली," व्हर्लिन म्हणाला. "दोन फूट."
"थांबा. आहे अजून," ओडेट म्हणाली.
मग दोघं काठावरून वाकले,
पाण्यावरची चमक अडवायला
त्यानं टोपी धरली तिच्या डोळ्यांपुढे,
आणि डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळून
दोघांनी पाण्यात पाहिलं.
"आता गेली," ती म्हणाली. "एकसष्ट सेंटिमीटर."
मी दोन्ही आकडे लिहिले.
पाणी तेवढंच.

डोरीननं इंजिन बंद केलं होतं.
तिच्या मावशीच्या कानातलं एकदा इथंच कुठंतरी पडलं,
दोन पुरुष खोल, आणि वरून दिसत होतं,
एवढंच सांगून तिनं दोरी गुंडाळायला घेतली.

परतताना, कुणाकडे न बघता, व्हर्लिन:
"ओढ्याच्या कडेनं चाळीस फुटांचा पट्टा
गवताला सोडता येईल.
शेजारच्यानंही सोडला तर."
"लिही," ओडेट मला म्हणाली.
"लिहू नका. अजून नाही."

मी लिहून बसले होते.
पेन्सिलीनं.
धक्का येईपर्यंत
मी खोडरबर शोधत राहिले,
जे माझ्या मुठीतच होतं.